रशियन मंडळासाठी उपक्रम सुचवा (पुणे, कॉलेजचे विद्यार्थी)

तिसरा_बाक

नमस्कार. मी एसवायबीएला आहे, विषय अर्थशास्त्र, आणि संध्याकाळी रशियनचा डिप्लोमा करते. आमच्या कॉलेजात छोटंसं रशियन मंडळ आहे. यंदा त्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे, म्हणून हा धागा.

आतापर्यंत मंडळ म्हणजे वर्षातून एक कार्यक्रम. हॉल सजवायचा, मुलींनी डोक्याला फुलांचे मुकुट बांधायचे, कुणाच्या तरी घरून आणलेला समोवार टेबलावर मांडायचा, एक नाच, दोन गाणी, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, वडापाव आणि फोटो. गर्दी चांगली होते. पण गेल्या वर्षी मी मागच्या रांगेत बसून नीट ऐकत होते. गाण्यांचे शब्द सोडले तर अख्ख्या कार्यक्रमात रशियनमधलं एक पूर्ण वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही. सूत्रसंचालन इंग्रजीत, आभार मराठीत. दुसरीकडे सर्टिफिकेटच्या वर्गात जुलैला भरलेले बाक दिवाळीनंतर रिकामे होतात. विभक्त्या सुरू झाल्या की मुलं गळायला लागतात. मला हे फार लागतं, कारण भाषा सुंदर आहे आणि मराठी मुलांना ती जमते हे मी रोज वर्गात बघते. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, विभक्त्याही नाहीत.

यंदा आम्हाला शनिवारी दुपारी एक वर्गखोली मिळाली आहे. प्रोजेक्टर आहे, पैसे जवळजवळ नाहीत. येणाऱ्यांत निम्मी मुलं नुकती अक्षरं वाचायला लागलेली, बाकीची दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची. रशियन मातृभाषा असलेलं ओळखीत कुणी नाही. घरचे विचारतात, जर्मन-जपानी सोडून हे कशाला, आणि नव्या मुलांचे आईवडीलही हेच विचारतात.

अशा मिश्र गटाबरोबर दर आठवड्याला काय करता येईल? कुणी पूर्वी असं मंडळ चालवलं असेल तर काय टिकलं आणि मुलं कशासाठी परत आली, ते कृपया सविस्तर लिहा.

लॉ_कॉलेज_रोड

प्रोजेक्टर आहे म्हणताय तर अर्धं काम झालं. मोसफिल्म या मॉस्कोच्या जुन्या स्टुडिओने आपले ढीगभर चित्रपट यूट्यूबवर मोफत ठेवले आहेत, पुष्कळांना इंग्रजी सबटायटल्स आहेत. पण नवख्या मुलांना अडीच तासांचा चित्रपट दाखवू नका. तारकोव्स्कीसारखा अवघड दिग्दर्शक तर मुळीच नको, तो दोन वर्षांनी. आमच्या रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह दोन्ही असल्यामुळे लहानपणापासून रशियन सिनेमा बघत आलो, तरी त्यातून मला भाषा आली नाही. सबटायटल वाचण्यात सगळा वेळ जातो.

त्यापेक्षा सोयुझमुल्तफिल्मची जुनी कार्टूनं घ्या. हा स्टुडिओ १९३६ पासूनचा आहे आणि त्यांची बरीच कार्टूनं आठ-दहा मिनिटांत संपतात. वाक्यं छोटी, उच्चार स्वच्छ, कारण आवाज दिलेत ते रंगभूमीवर मुरलेल्या नटांनी. एकदा आवाजासकट बघायचं. मग दोन मिनिटांचा तुकडा निवडून त्यातले संवाद लिहून काढायचे, हे काम मोठ्या मुलांचं. मग आवाज बंद करून लहान-मोठ्यांनी मिळून तोच तुकडा डब करायचा. ओठ हलायला लागले की वाक्य सुरू झालंच पाहिजे, विचार करायला सवड नसते. मी हे फ्रेंचच्या मुलांबरोबर करून पाहिलं आहे. लाजरी मुलं पडद्यामागून भरपूर बोलतात.

रानडेवाली

तिसरा_बाक, तुझा धागा वाचला आणि लगेच लिहायला बसले. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले तेव्हा सोव्हिएत युनियन होता. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं इथे किरकोळ किमतीत मिळायची आणि 'सोव्हिएत देश' नियतकालिक मराठीत घरी यायचं. पुढे तांत्रिक भाषांतरं केली. पंप, लेथ, कॉम्प्रेसर यांची मॅन्युअलं, खाजगी कारखान्यांसाठी. निवृत्तीनंतर कॉलेजच्या मुलांचा एक गट घरी घेते. त्या गटावरून जे पक्कं वाटतं तेवढंच लिहिते.

दर शनिवारी, आलेल्या प्रत्येक मुलाच्या तोंडून रशियन वाक्य बाहेर पडलं पाहिजे. उपक्रम निवडताना एवढंच बघ. वर लिहिलेलं डबिंग या परीक्षेत पास होतं. नुसता चित्रपट होत नाही, पाहुण्यांचं व्याख्यानही होत नाही.

पहिल्या शनिवारी नावं घे. रशियन माणसाच्या नावात मधे वडिलांचं नाव असतं, आपल्याही असतं. पण त्यांच्याकडे ते अर्ज भरण्यापुरतं नसतं. शिक्षकांना, डॉक्टरांना, ऑफिसातल्या वरिष्ठांना नाव आणि पितृनाम जोडूनच हाक मारतात, तीच आदराची हाक. तेव्हा प्रत्येकाने स्वतःचं पितृनाम बनवायचं. वडील सुनील असतील तर मुलगा सुनीलोविच, मुलगी सुनीलोव्ना. वडील विजय असतील तर विजयेविच आणि विजयेव्ना. वडिलांचं नाव स्वरान्त असेल तर वर्गात वाद होतो, होऊ दे, त्या वादात नियम पाठ होतो. मग वर्षभर त्या खोलीत एकमेकांना याच नावांनी हाक मारायची. माझ्याकडे अबोल मुलंसुद्धा या एका गोष्टीने बोलती झाली आहेत. आईवडिलांना घरी जाऊन हे सांगतात आणि त्यांनाही गंमत वाटते.

मग जीभ वळवणं. रशियन मुलं लहानपणी म्हणतात तसली वाक्यं घे. 'श्ला साशा पा शस्से इ ससाला सूश्कू': साशा हमरस्त्याने चालली होती आणि सूश्का चघळत होती. सूश्का म्हणजे चहाबरोबर खायचं कडक, छोटं, गोल कडं. हे वाक्य लिहिलेलं वाचायला दे, नवखं मूल 'पो शोस्से, सोसाला' असं वाचेल, कारण लिहिताना तिथे 'ओ' आहे. आघात नसलेला 'ओ' बोलताना 'अ' होतो, हे फळ्यावर सांगितलं की विसरतात आणि साशाबरोबर चालून आले की विसरत नाहीत. श-स आपल्या जिभेला सवयीचे आहेत, त्यामुळे आपली मुलं यात पटकन वेग धरतात. सुरुवातीला यश मिळणं फार महत्त्वाचं.

हस्ताक्षराला दर वेळी पाव तास दे. तेहतीस छापील अक्षरं मुलं चटकन शिकतात आणि मग हाताने लिहिलेली चिठ्ठी समोर आली की हबकतात. इ, श, ल, म ही अक्षरं जोडून लिहिली की नुसत्या लाटा दिसतात. म्हणून पुष्कळ रशियन माणसं हाताने लिहिताना 'श'च्या खाली आडवी रेघ देतात आणि 'त'च्या वर. ही रेघ द्यायला शिकव. डिसेंबरात मुलांकडून नववर्षाची शुभेच्छापत्रं लिहून घे, हाताने, पूर्ण वाक्यांत. त्यांच्याकडे घराघरात साजरा होतो तो मोठा सण म्हणजे नवं वर्षच. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण चर्च जुनं ज्युलियन पंचांग धरून चालतं. त्यामुळे घाई नाही, पत्रं उशिरा पोचली तरी चालतात.

कार्यक्रम करायचाच असेल तर २५ जानेवारीला कर. तो तात्यानाचा दिवस, तिथल्या विद्यार्थ्यांचा सण. १७५५ साली सम्राज्ञी एलिझाबेथने मॉस्को विद्यापीठ स्थापण्याच्या हुकमावर सही केली ती या दिवशी, जुन्या पंचांगाने १२ जानेवारीला. पुश्किनचा जन्मदिवस ६ जूनला असतो आणि तो रशियन भाषा दिवस म्हणून साजरा होतो, पण तेव्हा आपल्याकडे सुट्ट्या. जानेवारी सोयीचा. त्या दिवशी कविता म्हणायच्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना मार्शाक नाहीतर चुकोव्स्कीच्या बालकविता दे. ठेका पक्का असतो आणि शब्द रोजचे असतात. मोठ्यांना पुश्किन. सूत्रसंचालन रशियनमध्ये, चुकलं तरी रशियनमध्ये.

त्याच दिवशी एक प्रवेश बसवा. गोगोलचं 'रेविझोर', १८३६ सालचं. पुलंचं 'अंमलदार' त्यावरूनच आलेलं आहे, म्हणजे गोष्ट पुण्याच्या प्रेक्षकाला ठाऊक असते आणि रशियन न समजणाराही बरोबर जागी हसतो. पहिला प्रवेश घ्या. नगराध्यक्ष अधिकाऱ्यांना बोलावून सांगतो की तपासनीस येतोय. भूमिका भरपूर, बऱ्याच जणांना एखाददुसरंच वाक्य. नुकती अक्षरं शिकलेलं मूलही एक वाक्य घेऊन उभं राहू शकतं, आणि ज्याने रंगमंचावर एक वाक्य म्हटलं तो सहसा वर्ग सोडत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मास्लेनित्सा येते, मोठ्या उपवासाआधीचा आठवडा. त्यात ब्लिनी करतात, आपल्या घावनासारखी पातळ, फक्त मैदा, दूध आणि अंड्यांची. इंडक्शन शेगडीची परवानगी काढ. नियम एकच, सामान रशियनमध्ये मागायचं. 'दाय म्न्ये मुकू', मला पीठ दे. पीठ म्हणजे 'मुका', मागताना 'मुकू' होतं. दूध 'मलाको', ते मागताना बदलत नाही, नपुंसकलिंगी आहे. बरोबर रूप म्हटल्याशिवाय वाटी हातात द्यायची नाही. द्वितीयेचं कोष्टक ज्यांना भिववतं त्या मुलांनी तव्याजवळ उभं राहून ती बिनचूक वापरलेली मी पाहिली आहे. वर घालायला स्मेताना, म्हणजे त्यांची आंबट साय, हवं असतं, ते इथे सहज मिळत नाही. चक्का थोड्या सायीत घोटून घ्यायचा, छान लागतो.

आता सगळ्यात आवडीचं. आपण पुणे जिल्ह्यात राहतो आणि रशियन भाषेतलं भारताचं सगळ्यात जुनं प्रवासवर्णन आपल्या जुन्नरात घडलेलं आहे. अफानासी निकितीन, त्वेरचा व्यापारी. १४७० च्या आसपास इराणी आखाताच्या तोंडाशी असलेल्या होरमुझ बंदरातून घोडा घेऊन जहाजाने चौलला उतरला, पाली गावावरून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथेच अडकला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, म्हणाला, आणि चार दिवसांची मुदत दिली. निकितीन परक्या मुलखात एकटा, काय करावं सुचेना. शेवटी एका खोरासानी खोजाने त्याच्यासाठी रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. हे सगळं त्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं आहे. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, लोक नांगरतात, गहू, तांदूळ, हरभरा पेरतात, घोड्यांना हरभरा खायला घालतात, त्यांच्यासाठी साखर-तूप घालून खिचडी शिजवतात. खडकावर वसलेलं शहर, वर जायची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. घरी जाताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. वही मात्र मॉस्कोला पोचली आणि तिथल्या बखरीत उतरवली गेली. आज त्वेरमध्ये व्होल्गाकाठी त्याचा पुतळा आहे, आपल्याकडे रेवदंड्याला स्मारक आहे.

तू मुलांना घेऊन जुन्नरला जा आणि तो परिच्छेद तिथे मोठ्याने वाचा, आधी रशियनमध्ये आणि मग मुलांनी स्वतः केलेल्या मराठीत. परिच्छेद जूनमध्ये वाटून दे, प्रत्येकाकडे दोन-तीन वाक्यं. वर्षभराचं मंडळ याभोवती बांधता येईल. मॉस्कोत शिकणाऱ्या मुलांना जे करता येणार नाही ते तुमच्या मुलांना एसटीच्या तिकिटात करता येईल, हे त्यांना सांग.

पुण्याचे आणखी धागे आहेत. फर्ग्युसनमध्ये पाली भाषा शिकवलेले धर्मानंद कोसंबी पुढे लेनिनग्राडला गेले. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले, त्यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं आणि २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. मुलांनी मराठीत वाचावं आणि पाच सोप्या रशियन वाक्यांत सांगावं. पाचच, पण सगळी स्वतःची.

पालकांना काय सांगायचं ते: माझं घर या भाषेवर चाललं. लोहगावच्या हवाई तळावर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय विमानं आली, ओझरच्या कारखान्यात ती बांधली गेली. अशा प्रत्येक यंत्राबरोबर रशियन कागद येतात आणि ते वाचणारी माणसं कमी आहेत. जर्मन शिकलेली खूप आहेत. पण नोकरीची हमी देऊ नकोस. भाषा बी-वन या मधल्या पातळीपर्यंत गेली तर दारं उघडतात, नुसत्या सर्टिफिकेटवर उघडत नाहीत, हे स्पष्ट सांग. पालकांना खरं सांगितलेलं आवडतं.

कझानहून_परत

रानडेवाली काकूंच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मी कझानला एमबीबीएस केलं, आता पिंपरीत आहे. माझी भर डॉक्टरकीच्या बाजूने.

महाराष्ट्रातून रशियाला मेडिकलला जाणारी मुलं बरीच आहेत. एजंट सांगतो, सगळं इंग्रजीत आहे. वर्गात ते खरं असतं. पण वॉर्डात गेलं की पेशंट इंग्रजी बोलत नाही. माझ्या पहिल्या पेशंट आजी होत्या, त्यांना इतकंच हवं होतं की डॉक्टरने त्यांच्याकडे बघून विचारावं, 'श्तो वास बेस्पकोइत?', काय त्रास होतोय. मी ते वाक्य पुण्याहून पाठ करून गेलो होतो. त्यांनी माझा हात धरला आणि मग सगळं सांगितलं, गुडघे, झोप, मुलगा फोन करत नाही, सगळं. त्या दिवसापासून मी रशियन मनापासून शिकलो.

तेव्हा तुमच्या कॉलेजजवळच्या, मेडिकलला जाऊ घातलेल्या मुलांनाही शनिवारी बोलवा. एक पेशंट, एक डॉक्टर, एक नातेवाईक. 'ग्द्ये बलीत', कुठे दुखतं. 'कग्दा नचलोस', कधी सुरू झालं. हे नाटक नवख्यांना जमतं कारण प्रश्न ठरलेले असतात. वडीलधाऱ्यांना 'व्ही' म्हणायचं आणि दोस्ताला 'ती', आपल्या तुम्ही-तूसारखंच. वॉर्डात 'ती' म्हटलं तर पेशंट दुखावतो, हे इथूनच अंगवळणी पडू दे.

दुसरं, आकडे. ताप, वजन, रक्तदाब, बसचा नंबर, खोलीचा नंबर. आकडे कानाने पकडता आले नाहीत तर तिथे रोज अडतं. त्यावर हॉस्टेलात सापडलेला उपाय: लोतो. रशियन घराघरात खेळतात. पिशवीतून लाकडी पिंपं काढायची, एक ते नव्वद आकडे, कार्डावर तीन ओळी, ओळीत पाच आकडे. म्हणजे आपली हाउजी! तिकिटं तीच चालतात. आकडे फक्त रशियनमध्ये पुकारायचे, पुकारणारा दर फेरीला बदलायचा. गणपतीत सोसायटीत हाउजी खेळलेल्या मुलाला काही समजवावं लागत नाही.

पुढे शिकायला जायचं असेल त्यांच्यासाठी: रशियन सरकार दरवर्षी भारतीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतं. मुंबईत पेडर रोडला रशियन हाउस आहे, तिथे चौकशी करा. फी माफ होते, थोडा भत्ता मिळतो, विमानाचं भाडं आपलं. भाषा येत नसेल तर आधी एक वर्ष पूर्वतयारीचं, त्याला तिकडे पोदफाक म्हणतात. इथून ए-टू या प्राथमिक पातळीपर्यंत भाषा करून गेलात तर ते वर्ष सुखाचं जातं. परदेशी लोकांसाठीची त्यांची परीक्षा पाच भागांची असते: शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. उत्तीर्ण व्हायला प्रत्येक भागात साधारण दोन तृतीयांश गुण लागतात. आपली मुलं ऐकण्यात मागे पडतात, म्हणून हाउजी आणि डबिंग सोडू नका.

जुन्नरकर_मास्तर

निकितीनचा विषय निघाला म्हणून लॉग इन केलं. मी जुन्नर तालुक्यात शाळेत शिकवतो.

जुलैत येणार असाल तर जरूर या, त्याने लिहिलेला चिखल तेव्हाच दिसेल. पण शिवनेरीच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात. मुलांना चपला-सँडल घालून आणू नका आणि वाचन वर गडावर ठेवू नका, वारा इतका असतो की शेजारच्याचं ऐकू येत नाही. सकाळी लवकर गड बघा, त्याचं एकट्या माणसाच्या वाटेचं वर्णन चढताना आठवेल. जाणकार ते वर्णन शिवनेरीचंच धरतात. शिवरायांचा जन्म १६३० चा, म्हणजे हा पाहुणा त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीचा, बहमनी राजवटीतला. हे मुलांना आधी सांगा, नाहीतर काळाची गल्लत होते.

वाचायला खाली या. पश्चिमेला, आपटाळ्यावरून नाणेघाटाच्या अंगाने गेलात तर त्या दिवसांत भातलावणी चालू असते. चिखलात उभी माणसं, रोपांच्या जुड्या. पाचशे वर्षांपूर्वी एका रशियन माणसाने भर पावसात पेरा बघून लिहून ठेवला, तेच वाक्य तिथे बांधावर वाचा. आमच्या सातवी-आठवीची मुलं ऐकायला येतील. त्यांना निकितीन माहीत नाही आणि तो त्यांना माहीत असायला हवा, त्यांच्या गावाबद्दल आहे. तुमची मुलं त्यांना पाच-सहा रशियन शब्द शिकवू शकतील का? आमच्या मुलांपुढे परदेशी भाषा बोलणारं कुणी क्वचित येतं.

पुण्याहून एसटी वाकडेवाडीवरून नारायणगावमार्गे येते. पहिली गाडी पकडा.

तिसरा_बाक

मला इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल मंडळातल्या चौघींना हे वाचून दाखवलं. हाउजी आणि पितृनामं या शनिवारपासून. जुन्नर जुलैत नक्की. मास्तर, शाळेतल्या मुलांना नमस्कार, धन्यवाद, नाव काय, घोडा, पाऊस एवढं शिकवू. घोडा आणि पाऊस हवेतच.

दोन शंका आहेत. काकू, निकितीनची भाषा पंधराव्या शतकातली, ती आमच्या मुलांना कशी झेपेल? आणि खऱ्या रशियन भाषकांशी बोलायला मिळावं यासाठी पुण्यात कुठे शोधू?

रानडेवाली

मूळ भाषा मुलांना द्यायची नाही. त्याचं आजच्या रशियनमधलं भाषांतर इंटरनेटवर मोफत आहे, मुळाशेजारी छापलेलं. तेही जड वाटलं तर वाक्यं तोड. 'तिथे चार महिने पाऊस होता. सगळीकडे चिखल होता.' एवढं पहिल्या वर्षाला पेलतं. मुळातलं एकच वाक्य तू स्वतः वाच, जुन्या भाषेचा नाद कानावर पडू दे. एक सांभाळ, त्याने मधेमधे फारसी-तुर्की शब्द पेरले आहेत, त्यांचा अर्थ टिपांत बघ, अंदाजाने सांगू नकोस.

भाषकांसाठी फक्त रशियाचे लोक शोधू नकोस. कझाकस्तान, किर्गिझस्तानातली शिकलेली मुलं रशियन सहज बोलतात. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल सेंटरला पत्र दे, तिथून कुणी भेटलं तर त्यांना व्याख्यान द्यायला नव्हे, हाउजी खेळायला बोलव. आकडे पुकारायचं काम त्यांना दे. आणि युद्धाबद्दल कुणाला वर्गात जाब विचारायचा नाही, हे मुलांना आधी सांग. त्यातल्या काहींचे नातेवाईक दोन्ही बाजूंना असतात.

ऑनलाइन जोड्याही लागतात. मॉस्को आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, म्हणजे आपल्या संध्याकाळी सातला तिथे साडेचार, तिथली मुलं तेव्हा वर्गातून सुटलेली असतात. अर्धा तास रशियन, अर्धा तास हिंदी किंवा मराठी, घड्याळ लावून. हो, मराठीसुद्धा. तात्याना कातेनिना यांनी १९६३ मध्ये मराठीचं व्याकरण रशियनमध्ये लिहिलं, इरिना ग्लुश्कोव्हा यांनी वारीवर आणि विठ्ठलावर आयुष्यभर अभ्यास केला. तिकडे मराठीवर जीव लावणारे आहेत. तिथल्या प्राच्यविद्येच्या विभागांना रशियनमध्ये मेल लिही, तुमच्या मंडळाच्या नावाने. मसुदा मला पाठव, विभक्त्या बघून देते.

जुन्नरच्या परिच्छेदाची सोपी वाक्यं मी रविवारपर्यंत टाइप करून ठेवते, आघाताच्या खुणांसकट. पहिल्या वर्षाची मुलं किती ते कळव, तेवढे तुकडे करते.

कझानहून_परत

शनिवारी मी ड्युटीवरून सुटून साडेतीनपर्यंत पोचू शकतो. पेशंट मी होतो, मुलांना डॉक्टर करा. खोली कुठल्या मजल्यावर आहे तेवढं व्यक्तिगत निरोपात कळवा.